गेनरची चढती लय

मार्च १९८१मधल्या दुसऱ्या सोमवारी गेनर टॅटरसॉलच्या ड्रमसंचात एकूण दहा वस्तू होत्या: चार ड्रम, तीन झांजा, दोन पेडल आणि एक स्टूल. ड्रमची कातडी ताणून धरणारे स्क्रू अठ्ठेचाळीस असायला हवेत. त्यांतले मूळचे त्रेचाळीस शिल्लक होते, तीन जागी तिच्या बँडमधल्या डेसने वडिलांच्या सायकलच्या दुकानातून आणलेले बोल्ट पिळले होते आणि दोन भोकं नुसतीच होती. झांजांपैकी दोन म्हणजे पायाने मिटणारी जोडी. तिसरी, मोठी, कडेपासून चार इंच तडकलेली. स्टूल मुळात पियानोचं होतं. काठ्या अकरा, म्हणजे पाच जोड्या आणि एक एकटी.

हा संच तिने अठराव्या वर्षी एका नाचगाण्याच्या बँडमधल्या ड्रमरच्या विधवेकडून घेतला होता. "ने बाई," ती म्हणाली होती, "एकतीस वर्षांत त्याने या गल्लीत कुणाला दुपारची झोप लागू दिली नाही." आता गेनर बावीस वर्षांची होती. पहाटे पाच ते दुपारी एक ती पोस्टात पत्रांची वर्गवारी करायची, आणि सोमवारी व गुरुवारी संध्याकाळी बर्नलीच्या सहकारी दुकानावरच्या खोलीत ड्रम वाजवायची. बँडमध्ये तिघेच होते. गिटार आणि गाणं एड्रियन ऑर्मरॉडचं, बेस गिटार डेसची. बँडचं नाव 'गुड्स इनवर्ड'. गावातल्या प्रत्येक कापडगिरणीच्या मागच्या दारावर ही पाटी असते, 'माल आत', त्यामुळे त्यांना जाहिरात करावी लागली नाही.

दोन वर्षं चार महिन्यांत त्यांनी एकसष्ट ठिकाणी वाजवलं होतं आणि दोन छोट्या तबकड्या काढल्या होत्या. दुसरी तबकडी रेडिओवर लागली. ऐकणाऱ्या कुणीतरी पत्र लिहून कळवलं की गाणं चांगलं आहे, फक्त शेवटी ते बस पकडायला पळतं. एड्रियनने ते पत्र खोलीच्या दाराला टाचून ठेवलं. त्याने ते गमतीनेच टाचलं होतं, आणि गेनरही हसली होती. पण त्यात खोटं काही नव्हतं. गेनरची लय चढत असे. गाणं मिनिटाला एकशे अडुसष्ट ठोक्यांनी सुरू केलं की संपताना ते एकशे शहात्तरच्या पुढे गेलेलं असे. वाजवताना तिला ते कळत नसे. कळायचं ते तबकडी ऐकताना.

आता लंडनच्या एका कंपनीने त्यांचं 'ओला दगड' हे गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करून मागितलं होतं. ते पसंत पडलं तर तीन वर्षांचा करार होता. करार झाला की पोस्टातली नोकरी सुटणार होती, आणि गेनरने वरिष्ठांना कसं सांगायचं याची वाक्यंही मनात जुळवून ठेवली होती. ध्वनिमुद्रण रॉचडेलचे मिस्टर लोमॅक्स करणार होते.

त्या सोमवारी सातच्या सुमाराला 'ओला दगड' अर्ध्यावर आलं होतं. खोलीत इतका आवाज होता की खालच्या दुकानातले डबे फडताळावर सरकत. एड्रियनने गिटारचा हात मोकळा केला, डेसच्या कानाशी गेला आणि ओरडून काहीतरी बोलला. डेसलासुद्धा ते एकदा परत विचारावं लागलं. गेनर पंधरा फुटांवर ड्रममागे होती. तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण एड्रियनचं तोंड उजेडात होतं, आणि तिने ते वाचलं.

"लोमॅक्स म्हणतो, ड्रमसाठी बिल. गेनरला नाही आवडणार. लीड्सनंतर सांगू."

गेनरची आई एल्सी सत्तावीस वर्षं विणकर होती. शेकडो माग एकाच छपराखाली चालतात तिथे तोंडाने बोलून भागत नाही. बायका ओठ मोठे हलवून, भुवया आणि हात जोडीला घेऊन आवाजाशिवाय बोलतात. त्याला तिकडे 'मी-मॉ' म्हणतात. गिरणीतल्या बायका बसमध्येही तेच बोलत, रस्त्याच्या या फुटपाथवरून त्या फुटपाथवर तेच बोलत. डॉक्टरांकडे रांगेत बसून त्या डॉक्टरांबद्दलही बोलत, अगदी त्यांच्या समोर. एल्सीचे कान मागांनी नेले. अगदी नेले असंही नाही: बसचं इंजिन, कोळशाची गाडी रिकामी होताना होणारा गडगडाट, असं खालचं जाड काही असलं तर तिला पोचायचं. माणसाचं बोलणं पोचत नसे. त्यामुळे गेनर आधी मी-मॉ शिकली आणि मग शाळेतलं इंग्रजी. बँडमधल्या दोघांना तिने हे कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. पहिल्या महिन्यात सांगायचं राहून गेलं, आणि नंतर सांगायला उशीर झाला होता, कारण तोवर तिने बरंच वाचलं होतं.

तिचे हात थांबले नाहीत. गाणं तिने शेवटपर्यंत वाजवलं, आणि नेहमीप्रमाणे शेवटी ते पळालं.

बिल म्हणजे प्रेस्टनचा बिल व्हिटम. दुसरा बिल या कामातला नव्हताच. त्याचा बँड जानेवारीत मोडला होता. तो घड्याळासारखा वाजवतो असं लोक म्हणत, आणि तो स्वतःही म्हणत असे. बिल कोणता याचा तिला विचार करावा लागला नाही. एड्रियनने तोंड उघडायच्या आधीच ती जागा तिच्या मनात बिलसाठी रिकामी झालेली होती.

"काय गं, गप्प?" सामान आवरताना डेसने विचारलं.

"पहाटे उठते मी. तुझ्यासारखी नऊला नाही."

"साडेआठ," डेस म्हणाला. "आई खोटं सांगते लोकांना."

पुढचे चार दिवस तिने पत्रं खणांत लावता लावता लय मोजली. पत्र खणात पडलं की एक. तिच्या शेजारचा म्हातारा वाइल्डिंग म्हणाला, "टॅटरसॉल, आज तू पत्रं टाकतेयस की पेरतेयस?" तिला हसू आलं नाही. तिला एड्रियनचा राग येत नव्हता, हीच अडचण होती. राग आला असता तर सोपं होतं.

शनिवारी दुपारी लीड्सच्या विद्यार्थी संघात कार्यक्रम होता. गेनरने बहुतेक वेळ डाव्या मनगटावर डोळे ठेवून वाजवलं. लय चढणार असं वाटलं की ती हात मागे ओढायची, आणि ओढला की पुढचा ठोका जड पडायचा. 'ओला दगड' पळालं नाही. ते लंगडत गेलं. पुढच्या रांगेतल्या दोन मुलांनी नाचायचं थांबवून एकमेकांकडे पाहिलं, आणि एकाने दुसऱ्याला काय म्हटलं तेही तिने वाचलं.

परतताना पाच वाजता ते डोंगराच्या अलीकडच्या खाणावळीत थांबले. डेसने चिप्स घातलेल्या पावावर व्हिनेगर ओतलं आणि खिडकीकडे तोंड करून खाऊ लागला. सांगायचं काम आपलं नाही, असा त्याचा चेहरा होता.

"आज दगड फारच ओला होता," एड्रियन म्हणाला.

"होता."

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"तू बोल काय बोलायचंय ते."

एड्रियनने चहात साखर घातली, ढवळली, परत घातली. "गे, एक सांगायचंय. आधीच चिडू नकोस."

"माहितीय मला."

"काय माहितीय?"

"बिल."

"बिल मी देतो, पण आधी ऐकून तर घे."

"खाण्याचं नव्हे. बिल व्हिटम."

एड्रियनने डेसकडे पाहिलं. डेसने चघळणं थांबवलं.

"त्याचं काय?" एड्रियनने विचारलं.

"माझ्या जागी."

"कोण म्हणालं असं?"

"तू. सोमवारी. लोमॅक्स म्हणतो, ड्रमसाठी बिल. गेनरला नाही आवडणार. लीड्सनंतर सांगू. हे बघ, आपण लीड्सनंतरच आहोत. सांग."

डेसने चहाचा घोट घेतला. मग डेसच्या नाकातून चहा आला. तो बाहीने टेबल पुसत म्हणाला, "मिल, बाई. मिल. म मटाराचा."

"ड्रमसाठी मिल," एड्रियन सावकाश म्हणाला. "लोमॅक्सच्या खोलीत ड्रमचा आवाज डबा वाजवल्यासारखा येतो. त्याला मोठी रिकामी जागा हवीय, घुमणारी. हॅगेट मिलची शेड मिळतेय शुक्रवारी. म्हणून म्हटलं तुला आवडणार नाही. तुझी आई..." त्याने वाक्य सोडून दिलं.

एल्सी विणकर होती ती हॅगेट मिलमध्येच. मागच्या जुलैत ती बंद झाली होती, आणि तेव्हापासून एल्सी बाजाराला जाताना दोन गल्ल्या वळसा घेऊन जात असे.

काउंटरवर चहाचं मोठं चकचकीत पिंप होतं. गेनरने त्यात आपलं तोंड पाहिलं आणि आवाज न काढता दोन्ही शब्द म्हणून बघितले. बिल. मिल. पिंपातल्या बाईने दोन्ही वेळा एकच शब्द म्हटला.

"पण तू ऐकलंस कसं?" एड्रियनने विचारलं. "मला माझं ऐकू येत नव्हतं."

"ऐकलं नाही. पाहिलं." आणि मग तिने सांगितलं, आई, गिरणी, सगळं, चार वाक्यांत.

डेसने हातातला पाव खाली ठेवला. "म्हणजे हे दोन वर्षं चाललंय?"

"दोन वर्षं, चार महिने."

"ब्लॅकबर्नला मी याला जे म्हणालो..."

"तेही."

"माझ्या मावसभावाशी तुझी गाठ..."

"तो बुटका आहे, डेस."

"स्वभाव चांगला आहे त्याचा."

"हो, तेही तू म्हणाला होतास. दोनदा."

एड्रियन आठवत बसला होता. त्याच्या कानांचा रंग बदलत गेला त्यावरून तो कुठपर्यंत पोचला हे गेनरला कळत होतं. आठवडाभरात पहिल्यांदा तिला भूक लागली. तिने डेसच्या ताटलीतल्या चिप्स घेतल्या.

"पेटीचंही सांगून टाक," डेस म्हणाला. "नाहीतर ती ओठांवरून काढेलच."

तेव्हा ते निघालं. बिल कुठेच नव्हता, पण गेनरची भीती अगदीच हवेतली नव्हती. लंडनच्या लोकांना हे गाणं नाचाच्या क्लबांमध्ये वाजवायला हवं होतं, आणि तिथे लय हलून चालत नाही. लोमॅक्सकडे ठोक्यांची पेटी होती. बटण दाबलं की विजेवर टक-टक करत राहणारी, कितीही वेळ. गाणं सहाशे बाहत्तर ठोक्यांचं होतं. पेटी ते बरोबर चार मिनिटांत संपवते. शुक्रवारी गेनरला तीन वेळा वाजवायला मिळणार होतं. चार मिनिटांच्या इकडे किंवा तिकडे दोन सेकंदांत ती एकदा जरी पोचली, तर ड्रम तिचे. नाही पोचली, तर पेटी.

"आणि करारावर?" तिने विचारलं.

एड्रियनने चमचा बशीत ठेवला. "पेटी वाजली तर दोन नावं. मी भांडलो, गे. त्यांचं म्हणणं, पेटी असताना ड्रमर कशाला."

"हे सोमवारी तोंडावर का नाही सांगितलंस?"

"तुझ्या हातात काठ्या होत्या."

घरी एल्सी स्वयंपाकघरात वाटाणे भिजत घालत होती. गेनर तिच्यासमोर उभी राहिली आणि सगळं मी-मॉमध्ये सांगितलं. बिल आणि मिलपाशी आली तशी एल्सीने पातेलं खाली ठेवलं आणि खुर्चीचा आधार घेऊन हसली. ती हसली की आवाज मोठा होई, कारण तो किती मोठा होतोय हे तिला कळत नसे.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर पहिल्या आठवड्याचं. प, ब, म, तिन्ही ओठ मिटून. आमच्याकडे बिल नावाचा मुकादम होता. नवी पोरगी आली की तिला सांगायचं, बिल मिलमध्ये आलाय. ती बिचारी दिवसभर विचारत फिरायची, मिलमध्ये मिल कशी आली म्हणून." तिने डोळे पुसले. "एकटा शब्द कधी वाचू नये, पोरी. शेजारचा बघायचा. शेजारचाही फसवा निघाला तर विचारायचं. आम्ही त्याला टकल्या बिल म्हणायचो, म्हणजे घोटाळाच नको."

"शेजारचा शब्द बरोबर बसत होता."

"तुला बसवायचा होता," एल्सी म्हणाली आणि परत वाटाण्यांकडे वळली. मग पाठ फिरवलेलीच असताना म्हणाली, "शुक्रवारी मी येते."

गेनरने तिला वळवलं. "कशाला?"

"रिकामी कशी दिसते बघायचंय."

शुक्रवारी पाळी संपवून गेनर दीड वाजता हॅगेट मिलवर पोचली तेव्हा ड्रम लावून झाले होते. शेडमध्ये एकेकाळी तीनशे चौऱ्याऐंशी माग होते. ते भंगारात गेले होते आणि फरशीवर त्यांच्या पायांचे तेलकट चौकोन रांगेने राहिले होते. वरच्या तिरप्या काचांतून राखाडी उजेड येत होता. थंडी इतकी होती की एड्रियन हातमोजे घालून उभा होता. लोमॅक्स पन्नाशीचे, बुटके, खांद्यावर मोजपट्टी. ड्रमपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं होतं: एकशे शहाण्णव फूट. पेटी एका लाकडी खोक्यावर ठेवली होती. ती पावाच्या लादीएवढी होती, आणि तिचा लाल दिवा लागलेला होता.

"पोरी, मनात काही ठेवू नकोस," लोमॅक्स म्हणाले. "मला ड्रमर आवडतात. माझा मेहुणा ड्रमर आहे. म्हणजे, तो नाही आवडत."

एल्सी कुणाशी न बोलता चौकोन मोजत गेली. तिचे सहा माग शेवटच्या रांगेत, समोरच्या भिंतीजवळ होते. तिथे पोचल्यावर ती एका पालथ्या टोपलीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि फ्लास्क काढला.

फक्त ड्रमच घ्यायचे होते, बाकीचं नंतर चढवायचं होतं. गाणं गेनरच्या डोक्यात वाजणार होतं. लोमॅक्सनी पेटीवर आठ ठोके ऐकवले, पेटी बंद केली आणि हात खाली आणला.

पहिल्या वेळी भिंत आडवी आली. पायाने वाजणाऱ्या मोठ्या बेस ड्रमचा प्रत्येक ठोका भिंतीवरून परत येई आणि बरोबर पुढच्या, म्हणजे स्नेअर या हातापुढच्या लहान, कडक आवाजाच्या ड्रमच्या ठोक्यावर पडे. सुरुवातीला ते छान वाटलं. मग तिची लय किंचित चढली, आणि प्रतिध्वनी स्नेअरच्या मागे पडू लागला. मागून कुणीतरी चालत येतंय असं वाटून तिचे पाय आणखी पळाले. शेवटच्या ठोक्याला लोमॅक्सनी घड्याळ दाबलं आणि खडूने जवळच्या लोखंडी खांबावर आकडा लिहिला: तीन मिनिटं चौपन्न पूर्णांक सहा.

दुसऱ्या वेळी तिने भिंतीकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं. डोळे वर ठेवले, दूर, आईकडे. तीन मिनिटं छप्पन्न पूर्णांक नऊ, अजूनही दोन सेकंदांच्या मुभेबाहेर.

"घोंगड्या आणल्यात मी," लोमॅक्स म्हणाले. "भिंतीला टांगू. घुमणं कमी होईल, पण तुला सोपं जाईल."

एड्रियनने पेटीकडे बघायचं टाळलं आणि त्यामुळे तो पेटीकडे बघत नाही हे सगळ्यांना दिसलं. डेस घोंगड्या उचलायला गेला.

"थांब," गेनर म्हणाली. तिला काहीतरी खटकत होतं, आणि ते स्वतःच्या वाजवण्यातलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तिने आईला मान हलवताना पाहिलं होतं. एल्सी ठेक्यावर मान हलवत होती, पण ठोक्यावर नाही. बेस ड्रम आणि स्नेअर यांच्या मधोमध मान खाली जात होती. एल्सी घरी फळीवर बोटं वाजवायची ती कधी अशी चुकत नसे.

गेनर उठून उभी राहिली आणि शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला, ओठ आणि दोन्ही हात वापरून विचारलं, "मान कशावर हलवतेस?"

"तुझ्या मोठ्या ढोलावर," एल्सीने तिथून सांगितलं. "इथे तेवढाच येतो. बाकीचं तू नुसतं हवेत मारतेस."

"काय म्हणतात त्या?" लोमॅक्सनी विचारलं. गेनरने सांगितलं. लोमॅक्सनी सिगारेटचं पाकीट काढून मागच्या बाजूला पेन्सिलीने भागाकार केला. थंडीत आवाज सेकंदाला साधारण अकराशे फूट जातो. एकशे शहाण्णव फुटांना लागतात शून्य पूर्णांक अठरा सेकंद, थोडे कमीच. मिनिटाला एकशे अडुसष्ट असतील तर दोन ठोक्यांतलं अंतर शून्य पूर्णांक छत्तीस.

"निम्मं," ते म्हणाले. "जाताना अर्धा ठोका, येताना अर्धा. म्हणून त्यांची मान मधोमध दिसते. चूक त्यांची नाही. तुझा ठोका त्यांना उशिरा पोचतो, आणि मान तुला लगेच दिसते."

"आणि मी पळाले तर?"

"तर मान मधोमध राहणार नाही. पुढच्या ठोक्याकडे सरकेल."

गेनर थोडा वेळ पाकिटावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. "घोंगड्या नकोत," ती म्हणाली.

"तिसरी वेळ शेवटची आहे," एड्रियन हळूच म्हणाला.

"माहितीय."

"मला वाटतं घोंगड्या टांगाव्यात."

"तुला वाटतं ते मला दिसतं, एड्रियन. बोलायची गरज नाही."

डेस हसला आणि घोंगड्यांच्या ढिगावर बसला.

आईला तिने काहीच समजावलं नाही. समजावलं असतं तर एल्सी मदत करायला गेली असती आणि मान बिघडली असती. फक्त एवढंच सांगितलं: "परत वाजवते. चहा पी."

आठ ठोके. हात खाली.

पहिलं मिनिट सरळ गेलं. बेस, मान, स्नेअर. बेस, मान, स्नेअर. शब्द वाचताना शेजारचा शब्द बघावा तसं गेनर आपल्या ठोक्याकडे न बघता त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. दुसऱ्या मिनिटात, जिथे एड्रियन एरवी ओरडून गातो, तिथे मान स्नेअरकडे सरकताना तिला दिसली. स्वतःच्या हातांत तिला काहीच फरक जाणवला नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा आपली चढती लय तिने ती चढत असतानाच पाहिली. तिने हात मागे ओढला नाही, फक्त खांदे सोडले. पाच-सहा ठोक्यांत मान परत मधे आली.

तिसऱ्या मिनिटात एल्सीने खाली वाकून फ्लास्कचं झाकण शोधायला सुरुवात केली.

ते टोपलीमागे गेलं असावं. आधी एल्सीचं डोकं दिसेनासं झालं, मग खांदेही. गेनरसमोर एकशे शहाण्णव फूट फरशी आणि तेलाचे चौकोन होते. तिने ठोके मोजले नाहीत. भिंतीवरून परत येणारा बेस ड्रम स्नेअरवर पडत होता, आणि या वेळी तो मागून येतोय असं न वाटता आधीपासूनच तिथे आहे असं वाटत होतं. तिने त्याला तिथे राहू दिलं. डाव्या बाजूला पेटीचा लाल दिवा होता. डेसचा बूट घोंगडीवर हलत होता, जरा पुढे, जरा मागे, आणि तिने त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं.

एल्सी वर आली. हातात झाकण होतं. तिने चहा ओतला, एक घोट घेतला, आणि मान परत हलू लागली. आता ती मधोमध नव्हती. मधल्या जागेच्या किंचित अलीकडे, बेस ड्रमच्या बाजूला होती. म्हणजे लय उतरली होती. गेनरची लय उतरल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, तिनेही नाही. भरून काढावं असं वाटलं, पाय तयारही झाला. पण भरून काढायला म्हणून पाय एकदा सुटला की तो कुठे जातो हे तिला ठाऊक होतं. तिने आहे ती लय धरून ठेवली. शेवटचे चार ठोके, मग तडकलेली झांज, आणि तिने झांज बोटांत पकडून गप्प केली.

भिंतीवरून झांज परत आली आणि विरली.

लोमॅक्सनी घड्याळ उजेडाकडे धरलं, चष्मा वर करून परत पाहिलं, आणि खांबावर पहिल्या दोन आकड्यांच्या खाली तिसरा लिहिला: चार मिनिटं, एक पूर्णांक तीन दशांश सेकंद.